नभोवाणी कुणाची? : बातम्या आणि खेळ

म्हैसाळ योजनेचे पाणी शिवारात आले, की पंप कोण चालवतो, वीजबिल कोण भरतो, पाणीपट्टी किती आणि शेवटच्या टोकाला पाणी का पोचत नाही, यावर कवठे महांकाळ तालुक्यात पारापारावर चर्चा होते. आणि ती व्हायलाच हवी. पण रेडिओचे बटण फिरवले, आवाज आला, बातम्या ऐकल्या, बटण बंद केले. हा आवाज कोण पाठवतो, त्याचा खर्च कोण सोसतो, त्याने काय सांगावे आणि काय गाळावे हे कोण ठरवतो, असे कोणी विचारताना मला तरी आढळले नाही. पाणी दिसते, आवाज दिसत नाही, म्हणूनच असे होत असेल. आज या न दिसणाऱ्या पाण्याचा हिशोब थोडा मांडून पाहू.

सुरुवात जरा लांबून करतो. युरोपात नेदरलँड्स नावाचा देश आहे. आपण त्याला हॉलंड म्हणतो. आपल्या पुणे महसूल विभागापेक्षाही लहान, आणि त्याचा बराचसा भाग समुद्रसपाटीच्या खाली. १९२० च्या दशकात तिथे रेडिओ आला तेव्हा त्या समाजाचे उभे तट पडलेले होते. कॅथलिकांच्या शाळा वेगळ्या, प्रोटेस्टंटांच्या वेगळ्या. कामगारवर्गाच्या समाजवादी संघटना वेगळ्या आणि उदारमतवाद्यांच्या वेगळ्या. वर्तमानपत्रे, खेळाची मंडळे, सगळेच निरनिराळे. साहजिकच रेडिओही प्रत्येकाने आपापला काढला. पण मौज अशी, की हे रेडिओ कुणा शेठजीचे नव्हते नि सरकारचेही नव्हते. त्या श्रोत्यांच्या संस्था होत्या. आपण जसे सहकारी सोसायटीचे सभासद होतो, तसे तिथले लोक वर्गणी भरून आपल्या आवडीच्या नभोवाणी संस्थेचे सभासद होत. पुढे नियमच असा झाला, की ज्या संस्थेचे सभासद जास्त तिला वेळ जास्त.

आता असे पाहा. प्रवचन ज्याचे त्याने करावे, नाटक ज्याचे त्याने बसवावे. त्याला कोणाची हरकत नाही. पण समुद्राचा बांध फुटला, तर ती बातमी कॅथलिकांना एक आणि समाजवाद्यांना दुसरी अशी देता येईल का? आणि देशाचा संघ फुटबॉल खेळत असेल, तर गोल काय धर्माप्रमाणे मोजायचे? १९६९ साली तिथे रेडिओची एक सामाईक संस्था आणि दूरचित्रवाणीची एक सामाईक संस्था एकत्र करून 'एन.ओ.एस.' ही नवी संस्था स्थापन झाली. बाकीचे कार्यक्रम सभासदांच्या संस्थांकडे राहिले. एन.ओ.एस.कडे मुख्यतः दोन गोष्टी आल्या : बातम्या आणि खेळ. गावात आळी-आळीचे गणपती वेगळे असोत, पण पिण्याच्या पाण्याची विहीर एकच असावी, तसा हा प्रकार.

तिथे बर्फावरची एक प्रसिद्ध शर्यत आहे. अकरा गावांतून जाणारी, सुमारे दोनशे किलोमीटर लांबीची. कालवे पुरेसे जाड गोठले तरच ती होते. १९०९ पासून अवघी पंधरा वेळा झाली, आणि शेवटची झाली ती ४ जानेवारी १९९७ ला. अशा दिवशी सारा देश कामधाम सोडून एकाच वर्णनाकडे कान आणि डोळे लावून बसतो. हे वर्णन तिकीट काढणाऱ्यापुरतेच ठेवायचे म्हटले, तर लोक ऐकून घेणार नाहीत.

आपल्याकडे गोष्ट उलट्या टोकाने सुरू झाली. श्रोत्यांची संस्था आधी आणि सरकार मागून, असे इथे झाले नाही. २३ जुलै १९२७ रोजी मुंबईचे केंद्र सुरू झाले ते 'इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी' या खाजगी कंपनीचे. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सांगलीचा आयर्विन पूल ज्यांच्या नावाचा, तेच हे. रेडिओ बाळगायचा तर वर्षाला दहा रुपयांचा परवाना काढावा लागे आणि त्यातले आठ रुपये कंपनीला मिळत. त्या काळी खेड्यातला कोण माणूस आवाजासाठी दहा रुपये मोजणार? तीन वर्षे पुरी होण्याच्या आत, १ मार्च १९३० ला, कंपनी दिवाळ्यात निघाली आणि एप्रिलपासून तिचा कारभार सरकारने हाती घेतला. ८ जून १९३६ ला 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव पडले. म्हणजे रेडिओ सरकारी झाला तो तत्त्वासाठी नव्हे, तर धंदा बुडाला म्हणून! पण एकदा हाती आलेले हत्यार कोणते सरकार खाली ठेवते?

आणि ते परकी सरकार होते. १९४२ च्या चळवळीत देशात काय चालले आहे हे सरकारी रेडिओ सांगेना, तेव्हा मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी चोरून 'काँग्रेस रेडिओ' चालवला. पोलिसांना माग लागू नये म्हणून यंत्र घेऊन या घरातून त्या घरात फिरावे लागे. ऑगस्टपासून १२ नोव्हेंबरला धाड पडेपर्यंत, अवघे तीन महिने, तो चालला. पण आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची हकिकत लोकांच्या कानी घातली ती त्याने. आपल्या सातारा-सांगली भागात पुढे नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. त्या पिढीला एक गोष्ट चांगली उमगली होती : जो बातमी दाबतो तो नुसती बातमी दाबत नाही, माणसे एकेकटी पाडतो.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा देशात सहा केंद्रे होती. देशाचा जेमतेम अडीच टक्के मुलूख आणि अकरा टक्के लोक एवढ्यांपर्यंतच आवाज पोचत होता. तेव्हापासून पुढची वाढ मात्र खरोखर मोठी आहे, ती मान्य करायला हवी. पुण्याचे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झाले आणि सांगलीचे १९६३ च्या ऑक्टोबरात. या दोन तारखांच्या मध्ये एक प्रयोग झाला, त्याची आठवण शिक्षकांनी तरी ठेवावी. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या मदतीने त्या वेळच्या मुंबई राज्यातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे खेडी निवडली. प्रत्येक खेड्यात वीसेक माणसांचे एक श्रोतृमंडळ. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून खास त्यांच्यासाठी केलेला कार्यक्रम ऐकत, मग त्यावर चर्चा करत, आणि आपले प्रश्न केंद्राला लिहून पाठवत. पुढच्या कार्यक्रमात त्यांना उत्तरे मिळत. ऐका, बोला, करा, असे त्याचे सूत्र. नभोवाणी म्हणजे एका तोंडाने बोलायचे आणि लाखो कानांनी मुकाट्याने ऐकायचे, हा समज या प्रयोगाने मोडला. पाहणी करणाऱ्यांनीही तो यशस्वी ठरवला. नंतर देशभर अशी मंडळे निघाली. पण कागदावर वाढली आणि पारावर आटली, असेच बऱ्याच ठिकाणी झाले.

सांगली केंद्राचा आवाज ज्या मध्यम लहरींवरून घरोघर पोचला ती लहर १२५१ किलोहर्ट्झची. म्हणजे सेकंदाला साडेबारा लाखांहून अधिक कंपने, आणि एका लहरीची लांबी सुमारे २४० मीटर. वर्गात गणित घालायला हे चांगले उदाहरण आहे : प्रकाशाच्या वेगाला कंपनसंख्येने भागा, लांबी मिळते. मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून पसरते. रात्री ती आकाशातल्या विद्युत्भारित थरावर आपटूनही खाली येते. म्हणून रात्री दूरदूरची केंद्रे ऐकू येत आणि कधी कधी एकमेकांत मिसळत. एफ. एम. लहरीचा आवाज स्वच्छ, पण ती बरीचशी सरळ रेषेत जाते. दंडोबासारखा डोंगर मध्ये आला, की पलीकडच्या खोलगट वस्तीला ती अंधूक होते. पोच हवी की स्वच्छता, हा प्रश्न नुसता यंत्रशास्त्राचा नाही; कोणत्या श्रोत्याला आपण मोजतो, याचाही तो आहे.

आता बातम्यांकडे वळू. दहा मिनिटांच्या बातमीपत्रात हजार-बाराशे शब्द मावतात. दैनिकाच्या एका पानातही याहून कितीतरी जास्त मजकूर असतो. तेव्हा रेडिओच्या बातमीची सगळी कला निवडीत आहे. शिवाय, वाचणाऱ्याला मागची ओळ पुन्हा पाहता येते, ऐकणाऱ्याला येत नाही. म्हणून वाक्य लहान हवे, कोण बोलले ते आधी आणि काय बोलले ते नंतर, आकडे एका दमात चार नकोत, आणि 'वरीलप्रमाणे' हा शब्द तर नकोच. कानाला वर-खाली नसते! पुणे केंद्रावरून सुधा नरवणे प्रादेशिक बातम्या देत, त्या ज्यांनी ऐकल्या असतील त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. आवाजात घाई नाही, भीती घालणे नाही, लाडीगोडी नाही. बातमी द्यायची आणि बाजूला व्हायचे. आजकाल काही वाहिन्यांवर बातमी सांगणारा इतका ओरडतो, की घरात कोणी भांडते आहे असे शेजाऱ्याला वाटावे.

निवड करायची म्हटले की प्रश्न आलाच : कोणी करायची? २६ जून १९७५ च्या सकाळी देशाला आणीबाणीची वार्ता पंतप्रधान इंदिरा गांधींच्या तोंडून आकाशवाणीवरूनच कळली. त्यानंतरच्या दीड-पावणेदोन वर्षांत आकाशवाणी सरकारची स्तुती तेवढी सांगे. किशोरकुमार सरकारी कार्यक्रमात गायला राजी झाले नाहीत, म्हणून त्यांची गाणीसुद्धा बंद झाली होती. लोकांनी काय केले? काटा फिरवला आणि बी. बी. सी. लावले. लोकांनी काटा फिरवण्याची ही काही पहिलीच वेळ नव्हे. १९५२ नंतर आपलेच बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री असताना त्यांनी शास्त्रीय संगीतासाठी सिनेमाच्या गाण्यांवर बंधने घातली. हेतू चांगला असेल. पण देश रेडिओ सिलोन ऐकू लागला आणि ३ ऑक्टोबर १९५७ ला 'विविध भारती' सुरू करणे भाग पडले. श्रोता बोलत नाही, पण उठून जातो. आणीबाणीत मात्र जे निघून गेले ते करमणुकीसाठी नव्हे, खऱ्या बातमीसाठी गेले. हे जास्त गंभीर आहे, कारण गाणे दुसरीकडे ऐकले म्हणून कोणाचा विश्वास उडत नाही.

पुढे १९७८ साली वर्गीज समितीने नभोवाणी सरकारच्या हातून काढून स्वायत्त मंडळाकडे द्यावी अशी शिफारस केली. १९९० मध्ये प्रसार भारतीचा कायदा झाला आणि अमलात यायला १९९७ उजाडले. सात वर्षे कायदा कपाटात! आकाशवाणी आणि दूरदर्शन आज या प्रसार भारतीच्या आहेत. तिचा अध्यक्ष निवडण्याच्या समितीत उपराष्ट्रपती, वृत्तपत्र परिषदेचे अध्यक्ष आणि राष्ट्रपतींचा एक प्रतिनिधी असतात. कागदावर व्यवस्था बरी आहे. पण पगाराचा मोठा भार केंद्र सरकारच्या अनुदानावर आहे, आणि ज्याच्या हाती विहिरीचा दोर त्याचे शब्द जरा जपूनच ऐकले जातात. हॉलंडातही पैसा आता सरकारी तिजोरीतूनच येतो. रेडिओ-दूरचित्रवाणीची वेगळी फी त्यांनी २००० साली रद्द केली. आपल्याकडे पोस्टात भरायची रेडिओ लायसेन्सची फी १९८० च्या दशकातच संपली. तेव्हा फरक पैशाच्या वाटेत नाही. फरक आहे तो एवढाच, की तिथे संपादकाच्या टेबलापर्यंत सरकारचा हात पोचू नये याची कायद्याने आणि सवयीनेही तटबंदी केलेली आहे. तरी तिथे सारे आलबेल आहे असे समजू नका. बातमीदारांना लोकांकडूनच इतका त्रास होऊ लागला, की २०२० साली एन.ओ.एस.ने आपल्या गाड्यांवरचे नाव पुसून टाकले.

आणि आता खेळ. हा विषय बातमीच्या शेपटाला बांधलेला आहे, असे काही विद्वान समजतात. माझे मत तसे नाही. आपल्या देशात 'लहरी कुणाच्या' हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तो क्रिकेटच्या सामन्यावरून. १९९३ च्या हीरो करंडकाच्या प्रक्षेपणाचा हक्क बंगालच्या क्रिकेट संघटनेने परदेशी कंपनीला दिला, सरकारने आडकाठी घातली. फेब्रुवारी १९९५ मध्ये न्यायालयाने निकाल दिला, की आकाशातल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. त्यांवर सरकारची मक्तेदारी नाही आणि पैसेवाल्याचीही नाही, त्या लोकांच्या हितासाठीच वापरल्या पाहिजेत. पुढे २००७ साली एका खाजगी कंपनीने भारत-वेस्ट इंडीज सामन्यांचे हक्क घेतल्यावरून पुन्हा तंटा झाला आणि संसदेने कायदा केला : राष्ट्रीय महत्त्वाचा सामना असेल, तर हक्क कोणीही विकत घेवो, त्याचे प्रक्षेपण प्रसार भारतीला द्यावेच लागेल. जाहिरातींचे उत्पन्न वाटून घ्यायचे. रेडिओच्या बाबतीत ते निम्मे-निम्मे. ज्याच्या घरी महिन्याची वर्गणी भरण्याची ऐपत नाही त्यालाही आपल्या देशाचा सामना ऐकता आणि पाहता यावा, एवढाच याचा अर्थ.

सामना ऐकणे ही पाहण्यापेक्षा वेगळी विद्या आहे. आपल्या देशात जुन्या काळी बॉबी तल्यारखान इंग्रजीत दिवसभर एकटेच बोलत, दुसऱ्याला मायक्रोफोन देत नसत. मराठीत ही वाट पाडली बाळ ज. पंडितांनी. स्वतः महाराष्ट्राकडून रणजी करंडकात खेळलेले, त्यामुळे चेंडू वळला म्हणजे काय झाले ते त्यांना सांगता येई. २०१५ साली वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी ते गेले. षटक, यष्टिरक्षक, पायचीत, झेल, चौकार हे शब्द शेतात बैलामागे चालणाऱ्या माणसाच्या तोंडी बसले, ते वर्तमानपत्रांनी आणि अशा धावत्या समालोचनांनी बसवले. इंग्रजी न येणाऱ्याला इंग्रजांचा खेळ आपला वाटू लागला, हे भाषेचे काम आहे. सांगलीत जन्मलेले विजय हजारे, बॅडमिंटनचे नंदू नाटेकर यांच्या मोठेपणात भर घालायला समालोचनाची गरज नव्हती. पण ते मोठेपण खेड्यात पोचवायला होती.

कुस्तीचे तेवढे नशीब नाही, ही माझी तक्रार आहे. १९५२ साली हेलसिंकीला कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. शंभराहून अधिक बैलगाड्या जोडून लोकांनी त्यांची मिरवणूक काढली. १९६२ साली जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत मारुती माने यांनी सुवर्णपदक मिळवले. ते मिरज तालुक्यातल्या कवठे पिरानचे. आपले कवठे महांकाळ वेगळे, एवढे परगावच्या श्रोत्यांसाठी सांगून ठेवतो. आपल्या जत्रांच्या मैदानांत कुस्तीचे वर्णन करणारे असे निवेदक आहेत, की डोळे मिटून ऐकले तरी डाव दिसावा. पट काढला, ढाक मारली, कलाजंग झाली, हे सगळे त्यांच्या जिभेवर असते. हे वर्णन मैदानाच्या कर्ण्यापुरते राहते. नभोवाणीने क्रिकेटला जेवढे तास दिले त्याच्या दशांशही कुस्ती, कबड्डी, खो-खोला दिले असते, तर मोठे काम झाले असते. आणि सार्वजनिक नभोवाणी असते ती यासाठीच. जाहिरातदार ज्याला विचारत नाही त्याला तिने विचारावे.

एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. गाणी लावणाऱ्या खाजगी एफ. एम. केंद्रांना आपल्या देशात स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. द्यायच्याच झाल्या तर आकाशवाणीचे बातमीपत्र जसेच्या तसे द्यायचे. माण तालुक्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग वाहिनी' हे छोटे लोकसमूहाचे केंद्र आहे. अशा केंद्रांनाही हाच नियम. म्हणजे रेडिओवरची बातमी एकाच घरातून येते. हॉलंडात लोकांनी बोलणी करून बातमी सामाईक केली. आपल्याकडे ती नियमाने सामाईक ठेवली आहे. मला हा नियम बरोबर वाटत नाही. पण तो आहे तोवर त्या एका घराची जबाबदारी चौपट वाढते, हे खरे.

कारण बातमी नसली की अफवा असते. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेने ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फुटांची मजल गाठली. त्याच वेळी जिल्ह्याचा पूर्व भाग पावसाची वाट पाहत होता. एकाच जिल्ह्यात एकाला पाणी कधी उतरते ही बातमी हवी आणि दुसऱ्याला ते कधी येते ही! अशा दिवसांत मोबाइलवर एकाचे दुसऱ्याला पोचते ते खरे किती, खोटे किती, हे पाठवणाऱ्यालाही माहीत नसते. वीज जाते, मोबाइलचा मनोरा बंद पडतो; दोन सेलवर चालणारा रेडिओ मात्र बोलत राहतो. त्यातून येणारा आकडा कोणीतरी तपासलेला असतो, आणि चुकला तर कोणाला विचारायचे तेही ठाऊक असते.

विचारायचे कसे, तेवढे सांगून थांबतो. प्रसार भारतीला माहितीच्या अधिकाराचा कायदा लागू आहे. आपल्या भागातल्या बातमीला किती वेळ मिळतो, स्थानिक खेळांचे वर्णन किती तास होते, हे साध्या अर्जाने विचारता येते. केंद्राला पत्र लिहिता येते, आणि एकट्याच्या पत्रापेक्षा गावाचे मिळून गेलेले पत्र अधिक वाचले जाते. शिक्षकबंधूंनी शाळेत एक करून पाहावे. सातवी-आठवीच्या मुलांना सांगावे, की आपल्या तालुक्याचे आठवड्याचे दहा मिनिटांचे बातमीपत्र लिहा, हजार शब्दांपलीकडे जायचे नाही, आणि शेवटची दोन मिनिटे खेळाला. मग एकाने उभे राहून ते वाचावे, बाकीच्यांनी वही मिटून ऐकावे. वाचून झाले की फळ्यावर दोन रकाने आखावेत : कोणाचे नाव आले आणि कोणाचे राहिले. ढालगावची बातमी आली का, नागजची आली का, मुलींच्या खो-खोचा निकाल आला का, द्राक्षाचा भाव आला आणि मजुरीचा दर राहिला का, हे मुलेच सांगतील.